पाली-उत्तन : एका किनाऱ्याचा सामाईक इतिहास

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून चौकची बस धरली की उत्तन, पाली आणि चौक ही कोळ्यांची गावे लागतात. रविवारी येथे मुंबईकरांची गर्दी असते. कुणी समुद्र पाहायला येतो, कुणी भाटेबंदरच्या वेलंकनी मातेला नवस फेडायला, कुणी ताज्या मासळीसाठी. संध्याकाळी सगळे परततात. या चिमुकल्या पट्टीत पाचशे वर्षांचा इतिहास पडून आहे, याची दखल फार थोडे घेतात.

हा सारा भाग जुन्या कागदपत्रांत 'धारावी बेट' म्हणून येतो. मुंबईतली झोपडपट्टीची धारावी ती वेगळी. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. चौकच्या टेकडीवरून खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. या बेटाचे महत्त्व त्या एका दृश्यात आहे. ज्याच्या हाती ही टेकडी, त्याच्या नजरेखालून वसईला जाणारे प्रत्येक जहाज जाणार.

पोर्तुगीज येण्यापूर्वी हा किनारा गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होता. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुराणाचे भाष्यकार याच अमलात होऊन गेले. पुढे हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या सुलतान बहादूरशाहने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची दोनशे वर्षे येथे त्यांचे राज्य होते. धारावीच्या डोंगरातला दगड वसईच्या इमारतींसाठी गेला, डोंगरीसारख्या गावांत चर्च उभी राहिली. किनाऱ्यावरचे कोळी, आगरी ख्रिस्ती झाले. पण होडी, जाळे आणि बोली त्यांनी सोडली नाही. १८८७ साली या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, तरी घरात मराठीच बोलली जात राहिली.

१७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढली. धारावीसाठी दोन्ही बाजू झगडल्या. मार्च १७३९ मध्ये धारावी चिमाजी अप्पांच्या फौजेच्या हाती आली आणि वसईची समुद्राकडून येणारी रसद आवळली गेली. मे १७३९ मध्ये वसई पडली. तिथल्या चर्चमधल्या घंटा लूट म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानली जाते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि मराठ्यांचा अंमलही संपला.

या किल्ल्याला 'जंजिरे धारावी' म्हणतात. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून आला. मराठी फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याचे नाव अरबी, यात कुणाला वावगे वाटले नाही. पालीच्या बंदरात जरा कान देऊन ऐका. बंदर, दर्या हे शब्द फारसी. नाखवा हा मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे जहाजाचा धनी. 'मोसम' अरबी. त्याच तोंडी पाव, पाद्री, चावी, बादली हे पोर्तुगीज शब्द. डोल जाळे लावून बोंबील धरणारा ख्रिस्ती कोळी दिवसभर जी मराठी बोलतो, तिच्यात या किनाऱ्यावर आलेल्या साऱ्यांच्या खुणा आहेत. कोणत्याही शिलालेखापेक्षा हा पुरावा अधिक जिवंत आहे.

मात्र जिवंत पुराव्याने कचेरीत काम भागत नाही. उत्तनजवळच्या डोंगरावर हजरत सय्यद बालेपीर शाह बाबांचा दर्गा आहे. तो साडेतीनशे वर्षांहून जुना असल्याचे विश्वस्तांचे म्हणणे. तेथले बांधकाम सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण असल्याचे शासनाचे म्हणणे. मे २०२५ मध्ये पाडकामाची वेळ आली, तेव्हा विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला. खरे-खोटे कायदा ठरवील. पण या प्रकरणातून एक धडा घ्यायलाच हवा. श्रद्धा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, न्यायालयात मात्र कागद बोलतो. आपण उरूस भरवले, चादरी चढवल्या; पण दर्ग्याची सनद, वहिवाट, जमिनीचा उतारा, जुने फोटो, वृद्धांच्या आठवणी मराठीत नोंदवून ठेवल्या का? बहुतेक गावी उत्तर नकारार्थी आहे.

याच डोंगराच्या परिसरात मीरा-भाईंदर शहराचा कचरा आणून टाकला जातो आणि गावकरी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. ज्या जागेचा इतिहास कुणी लिहीत नाही, ती जागा शहराला रिकामी वाटते. रिकाम्या जागेवर मग कचरा येतो, रिसॉर्ट येते किंवा बुलडोझर येतो.

म्हणून पालीचा इतिहास किल्ल्यापुरता मराठ्यांचा, चर्चपुरता ख्रिस्त्यांचा आणि दर्ग्यापुरता मुसलमानांचा, अशी वाटणी करून चालणार नाही. किल्ल्याचा अभ्यासक, पालीतला नाखवा, चर्चमधली जुनी दप्तरे सांभाळणारा आणि दर्ग्याचा मुजावर यांनी एका वहीत लिहायला हवे. चौकला जाणाऱ्याने समुद्र जरूर पाहावा, बोंबील जरूर खावेत. परतण्यापूर्वी मात्र एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याजवळ बसून गावातल्या जागांची नावे विचारावीत आणि ती लिहून आणावीत. इतिहासाची सुरुवात एवढ्या साध्या कामानेही होते.