कर्ज काढून बर्लिनला गेलेली सून



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. कर्जाच्या मागण्या वाचायला घेतल्या. एकीला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली होती, एकीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नेहमीचंच सगळं. मग एक ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या लेकीला कॉलेजातून जर्मनीला पाठवतायत. एक सेमिस्टर. एक्स्चेंज म्हणतात त्याला."

सगळ्या गप्प. शेळीचं बजेट आपल्याला तोंडपाठ असतं, जर्मनीचं कुणाला माहीत?

मुलीनं मला नंतर नीट समजावून सांगितलं. तिच्या कॉलेजचा आणि तिकडच्या विद्यापीठाचा करार आहे. तिकडची मुलं इकडे येतात, इकडची तिकडे जातात. फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही, आणि तिकडचे मार्क इकडच्या निकालात धरतात. पण राहणं, जेवण, विमा, विमानाचं तिकीट आपलं आपण बघायचं. व्हिसा मागताना खर्चाची सोय आहे हे दाखवावं लागतं, महिन्याला 992 युरो. आजच्या भावानं साधारण एक लाख रुपये झाले. पाच महिने राहायचं तर गुणाकार तुम्हीच करा.

त्या दिवशी गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी एकच प्रश्न विचारला. "आपल्याकडची कोणी बाई गेलीय का तिकडं शिकायला? का हीच पहिली?"

मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय, तेही लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देऊन. त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं. पण बैठकीत हिशोबाचे दोनशे रुपये जुळेनात, त्यात सगळा वेळ गेला. म्हणून आज रेडिओवर सांगते. आजी, ऐकताय ना?

गेलीय, आजी. शंभर वर्षं व्हायला आली त्याला. नाव इरावती कर्वे.

इरावती हे नाव नदीचं आहे. ब्रह्मदेशातली मोठी नदी. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते आणि 15 डिसेंबर 1905 रोजी ही मुलगी तिथे जन्मली. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला पाठवली, हुजूरपागेच्या शाळेत, बोर्डिंगात. शाळेत शकुंतला परांजपे नावाची मैत्रीण मिळाली. तिचे वडील रँग्लर परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. शकुंतलाच्या आईनं इरावतीला आपल्याच घरी राहायला आणलं आणि पोटच्या मुलीसारखी वाढवली. ज्या घरात पुस्तकांनी भिंती भरलेल्या असतात, तसलं ते घर.

आता इथे एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. इरावतीबाई आपल्यासारख्या घरातल्या नव्हत्या. शिकलेलं, सुस्थितीतलं, ओळखीपाळखीचं घर होतं. त्या काळी खेड्यातल्या बाईला दुसरी इयत्ता दिसणं मुश्कील होतं. तेव्हा "त्यांनी केलं मग आपल्याला का जमू नये" असं मी म्हणणार नाही. पण पुढची गोष्ट ऐका. त्यांचंही सगळं सोपं नव्हतं, आणि जे अवघड होतं ते आपल्या चांगलंच ओळखीचं आहे.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात घुर्ये नावाच्या मोठ्या समाजशास्त्रज्ञांच्या हाताखाली एम.ए. केलं. याच दरम्यान लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे, आणि त्यांनी स्वतः जर्मनीतून डॉक्टरेट आणली होती. त्यांचे वडील कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी 1893 साली स्वतः विधवेशी लग्न केलं, समाजाचा बहिष्कार सोसला, विधवा आणि अनाथ मुलींसाठी आश्रम काढला, 1916 साली बायकांचं विद्यापीठ सुरू केलं, तेच हे अण्णा कर्वे. पुढे 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं.

दिनकररावांच्या मनात आलं की इरूनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी. आणि अण्णा नको म्हणाले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान पुन्हा मागे उलटून बघितलं. माणूस तोच ना? तोच. हजारो मुलींना शाळेत आणणारा माणूस सुनेला परदेशी पाठवायला राजी नव्हता. त्यांना नावं ठेवायची म्हणून मी हे सांगत नाही, त्यांचे उपकार आपल्यावर फार आहेत. पण लोकांच्या लेकी शिकवणं वेगळं आणि आपल्या घरची सून बोटीत बसवणं वेगळं, हे गावोगाव फिरताना मी रोज बघते. व्यासपीठावर "मुलगी शिकली पाहिजे" म्हणणारे घरी गेल्यावर वेगळं बोलतात. महर्षींच्या घरातही हा वाद झाला होता, एवढं लक्षात ठेवा.

दिनकररावांनी वडिलांचं ऐकलं नाही. पण नुसतं "जा" म्हणून भागत नाही, पैसा लागतो. मग कर्ज काढलं. डॉक्टर जीवराज मेहता म्हणून काँग्रेसचे एक पुढारी होते, तेच जे 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी पैसे उसने दिले. म्हणजे सासऱ्यांचा होकार नाही आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत पंचविशीही न गाठलेली ही बाई 1920 च्या दशकाच्या अखेरीला बोटीनं युरोपला निघाली.

तेव्हाची जर्मनी कशी होती? पहिलं महायुद्ध हरलेली. 1923 साली तिथे अशी महागाई झाली होती की सकाळी ज्या पैशात भाकरी यायची त्या पैशात संध्याकाळी काही येईना, माणसं टोपल्या भरभरून नोटा न्यायची. ते संकट नंतर निवळलं. युद्धामुळे तुटलेले इतर देशांशी असलेले संबंध जोडायला तिथली विद्यापीठं धडपडत होती. 1925 साली हायडेलबर्ग गावात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी एक छोटी कचेरी निघाली. आज डीएएडी नावाची जी मोठी संस्था परदेशी मुलांना शिष्यवृत्त्या देते, तिचं मूळ ते. म्हणजे आमच्या ताईंची मुलगी ज्या एक्स्चेंजवर निघाली आहे त्याचा पाया त्याच काळातला. इरावतीबाई मात्र अशा कुठल्या योजनेतून गेल्या नव्हत्या. त्या कर्जावर गेल्या.

बर्लिनच्या दालेम भागात 1927 साली एक नवी संस्था उघडली होती, माणसाच्या शरीराचा आणि अनुवंशाचा अभ्यास करणारी. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. इरावतीबाई त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. जर्मन भाषेत शिकायचं, जर्मन भाषेत लिहायचं. आणि अभ्यासाचा विषय मिळाला माणसाच्या कवट्या. आपल्याकडे अस्थींना हात लागला तरी आंघोळ करतात, आणि या बाईंच्या टेबलावर रोज कवट्या मांडलेल्या. एकूण 149.

फिशर साहेबांचं म्हणणं असं होतं की गोऱ्या युरोपियन माणसाच्या कवटीची उजवी बाजू पुढून जरा मोठी असते, कारण तिथे मेंदूचा विचार करणारा भाग जास्त वाढलेला असतो. इतर लोकांचं तसं नसतं. म्हणून गोरी माणसं जात्याच जास्त हुशार. हे सिद्ध करायला मापं हवी होती, आणि ती घ्यायचं काम आलं हिंदुस्थानातून आलेल्या एका मुलीकडे.

त्यांनी प्रत्येक कवटीची डावी बाजू मोजली, उजवी मोजली. युरोपातल्या कवट्या मोजल्या, बाहेरच्या देशांतल्या मोजल्या. निष्कर्ष काय निघाला? कुणाचीच कवटी दोन्हीकडून अगदी सारखी नसते. आपले दोन हात तरी कुठे सारखे असतात? पण हा फरक आणि माणसाचा वंश, यांचा काही संबंध नाही. गोऱ्यांची कवटी वेगळी नाही.

आता जरा त्यांच्या जागी बसून बघा, मैत्रिणींनो. परका देश, परकी भाषा. ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच साहेबांचा सिद्धांत तुमच्या मापांनी खोटा ठरतोय. पदवी नाही मिळाली तर हात हलवत परत जायचं, सासरे "मी म्हणत होतोच" म्हणायला मोकळे, आणि कर्ज फेडायचं राहतंच. आपल्यातल्या कितीजणींनी साहेबाला आवडेल तोच आकडा रजिस्टरमध्ये लिहिलाय? मी लिहिलाय. तपासणीच्या आदल्या दिवशी बैठकीची हजेरी नऊची बारा केलेली मला चांगली आठवते. इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. आणि डॉक्टरेट घेऊन परत आल्या.

त्या मापांचं मोल काही वर्षांत कळलं. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1935 साली कायदे करून ज्यू लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. पुढे ऑशविट्झच्या छळछावणीत माणसांवर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले मेलेल्या कैद्यांचे डोळे आणि रक्ताचे नमुने याच दालेमच्या संस्थेत पाठवत होता. अमका वंश श्रेष्ठ, तमका हलका, ही गोष्ट तिथपर्यंत जाते. त्याच छपराखाली बसून एक मराठी बाई लिहून आली होती की मापं असं काही सांगत नाहीत.

आणखी एक गंमत. सून बर्लिनमध्ये शिकत होती तेव्हाच, 1929 साली, अण्णा कर्वे स्वतः युरोपला गेले, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी! इंग्लंडला, जिनिव्हाला, शिक्षण परिषदांमध्ये हिंदुस्थानातल्या बायकांच्या शिक्षणाबद्दल बोलत फिरले. आणि सून परत आल्यावर 1931 ते 1936 त्यांच्याच महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम करत होती. ज्या पदवीला नको म्हटलं होतं तीच घरच्या संस्थेच्या कामी आली. घरात यावर काय बोलणं झालं असेल, मला फार ऐकायला आवडलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. मोजमापाची हत्यारं घेऊन खेड्यापाड्यांत, डोंगरांत फिरल्या, नात्यागोत्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुण्यात सुरुवातीला स्कूटर चालवणाऱ्या बायकांत त्या होत्या. पंढरीच्या वारीत चालत गेल्या आणि त्यावर लिहिलं. कोयना धरणात ज्यांची गावं बुडाली त्यांची पाहणी केली. महाभारतावरच्या त्यांच्या 'युगान्त' पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'परिपूर्ती' वाचनालयात मिळालं तर तेही जरूर वाचा. त्यातल्या एका लेखात सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, प्राध्यापकांची बायको अशी करून देतात, आणि त्यांना वाटत राहतं की काहीतरी राहिलंय. ते रस्त्यावरची शाळकरी मुलं पुरं करतात: ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई! जर्मनीची डॉक्टरेट घेतलेली बाई हे हसत हसत लिहिते.

तर आजी, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

ताईंच्या लेकीचं काय झालं, हे विचारणारे चार फोन आले मला. गटानं पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटासाठी अंतर्गत कर्ज मंजूर केलंय, चोवीस हप्त्यांत. बाकीच्या खर्चासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजमार्फत गेलाय, निकाल अजून यायचा आहे. तिचे आजोबा अजून हो म्हणाले नाहीत. पण परवा त्यांनी नातीला बोलावून विचारलं, तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का, का इथूनच पाच किलो बांधून द्यायचं.