जुने अंक आणि पहिला छाप

अर्वाचीन मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत हे आपल्याच जिल्ह्यातील मालगुंडचे, आणि पेशाने आमच्यासारखेच शिक्षक. 1905 साली हुबळी येथे ते निवर्तले, तेव्हा त्यांचा एकही काव्यसंग्रह निघालेला नव्हता. तो पुढे हरि नारायण आपटे यांनी सिद्ध केला. त्यांच्या कविता आधी प्रकटल्या त्या जळगावच्या 'काव्यरत्नावली'त व आपट्यांच्याच 'करमणुकी'त. सारांश, पहिल्या आवृत्तीच्या शोधात निघालेल्या संग्राहकास कवितेचा पहिला छाप पुष्कळदा पुस्तकात नव्हे, तर जुन्या अंकातच सापडतो.

कोकणात अशा कागदास वैरी दोन : वाळवी आणि पाणी. जगबुडीचा पूर आपणा खेडकरांस नवा नाही. चिपळूणच्या 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही 2005 च्या महापुरात मोठी ग्रंथहानी झाली. परंतु तिसरा वैरी आपण स्वतःच. तीर्थरूपांच्या पेटीतील मुखपृष्ठे गळालेले अंक आम्ही एकदा रद्दीत वजनावर घातले. वर्गात केशवसुत शिकविणाऱ्या आम्हांस ते उघडून पाहण्याची बुद्धी झाली नाही, ही खंत आजही आहे.

ज्ञातिबंधुभगिनींस विनंती एवढीच की, माळा झाडताना जुना अंक आधी उघडावा, साल व कवींची नावे टिपावीत, आणि मगच त्याचे काय करावयाचे ते ठरवावे.