अर्बुदातील ऑक्सिजन-न्यूनतेची गणिती प्रतिमाने

कर्करोगाच्या गाठीत (अर्बुदात) रक्तवाहिन्यांपासून दूर असलेल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. ही न्यूनता कोठे व किती असेल आणि तिचा पेशींच्या वाढीवर व उपचारांवर काय परिणाम होईल, हे समीकरणांत मांडणाऱ्या रचनांना ऑक्सिजन-न्यूनतेची प्रतिमाने म्हणतात.

विसरण व वापर : रक्तातला ऑक्सिजन विसरणाने ऊतकात शिरतो आणि वाटेतल्या पेशी तो वापरत जातात. या दोहोंचा मेळ ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये स्नायूंतील केशवाहिन्यांसाठी गणिताने घातला. १९५५ मध्ये टॉमलिन्सन व ग्रे यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या छेदांत जिवंत पेशींचा थर सुमारे १८० मायक्रोमीटरहून जाड कोठेच आढळला नाही. त्यापलीकडे मृत पेशी होत्या. सपाट थरासाठी ऑक्सिजनची पोच, म्हणजे तो कडेपासून किती आत जाऊ शकतो ते अंतर, अशी निघते :

पोच = √(२ × विसरणांक × कडेची संहती ÷ वापराचा दर)

वर्गमुळामुळे कडेचा ऑक्सिजन दुप्पट केला तरी पोच सुमारे १.४ पटच वाढते. पेशींचा वापर निम्मा केल्यासही तेवढीच वाढते.

पेशींचा प्रतिसाद : ऑक्सिजन घटला की एचआयएफ-१ हे प्रथिन टिकून राहते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास चालना मिळते. पेशींना ऑक्सिजनची घट कशी जाणवते याच्या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रगत प्रतिमानांत हा प्रतिसादही धरतात.

किरणोपचार : ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशींच्या तुलनेत ऑक्सिजनविरहित पेशी मारण्यास किरणांची सुमारे तिप्पट मात्रा लागते. अल्पर व हॉवर्ड-फ्लँडर्स यांच्या १९५६ च्या सूत्रानुसार, ऑक्सिजनचा दाब ३ मिमी पारा असताना पेशींची संवेदनशीलता ऑक्सिजनविरहित स्थितीच्या दुप्पट असते. मात्रा हप्त्यांत विभागल्यास मधल्या काळात उरलेल्या पेशींना पुन्हा ऑक्सिजन मिळतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग : जर्मनीत हॉकेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले की, ज्या गाठींत ऑक्सिजनचा मध्यक दाब १० मिमी पाऱ्याहून कमी होता त्यांत उपचारांचे फलित वाईट होते. रक्तक्षयानेही फलित खालावते. हा कर्करोग मराठवाड्याच्या परिसरात महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या भूमसह बार्शी व परांडा तालुक्यांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेली बार्शीची नोंदवही ही देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही होय. तिच्यात स्त्रियांच्या कर्करोगांत हाच दीर्घकाळ अग्रस्थानी होता.

मर्यादा : अर्बुदातील वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यांतला प्रवाह अधूनमधून थांबतो, म्हणून वरच्या सूत्रासारखे स्थिर अवस्थेचे उत्तर हे केवळ सरासरी चित्र ठरते.