अस्वलाच्या दातातली पिवळी रेघ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काळी अस्वलं आहेत तरी किती, आणि म्हणून त्यांच्या शिकारीचे परवाने किती द्यायचे, या हिशेबाला बरीच वर्षं एका पिवळ्या रेघेचा आधार होता. ही रेघ अस्वलाच्या दातात असायची. नुसत्या डोळ्यांना ती दिसायची नाही. दाताचा पातळ काप अतिनील प्रकाशाखाली धरला की उजळायची. ती उमटवणारं औषध ज्या घराण्यातलं, त्या घराण्याचा मूळपुरुष न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आजच्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. सुब्बाराव ते अस्वल हा धागा हाती लागल्यापासून मी तो ओढतोच आहे.

आधी अस्वलाची अडचण काय होती ते सांगतो. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल हे पूर्वी उपद्रवी जनावर समजलं जाई; दिसलं की घाल गोळी, त्याला ना हंगाम ना हिशेब. मिशिगन राज्याने 1925 मध्ये त्याला ‘शिकारीचा प्राणी’ असा कायदेशीर दर्जा दिला, मिनेसोटाने 1971 मध्ये. शिकारीचा दर्जा देणं म्हणजे संरक्षण देणं, हे आपल्या कानांना उलटंच वाटेल. पण त्या दर्जापाठोपाठ हळूहळू ठरलेला हंगाम आला, परवाना आला, पिल्लांना हात न लावण्याचा नियम आला आणि मारलेल्या प्रत्येक अस्वलाची नोंद आली. मग प्रश्न उरला तो आकड्याचा. काळ्या अस्वलाची मादी उशिरा वयात येते आणि साधारण वर्षाआड पिल्लं देते, त्यामुळे परवाने जास्त झाले तर तूट भरून यायला वर्षं लागतात. कमी झाले तर अस्वलं मक्याच्या शेतात, कचऱ्याच्या डब्यांपाशी आणि पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांपाशी हजर. बरं, किती मारली गेली यावरून जंगलात किती आहेत, तेही कळत नाही. ज्या वर्षी रानातली बोरासारखी फळं आणि ओकची फळं धरत नाहीत, त्या वर्षी भुकेली अस्वलं वस्तीकडेही वळतात आणि शिकाऱ्यांच्या आमिषाकडेही. शिकार वाढते, पण अस्वलं तेवढीच असतात.

शिकाऱ्यांकडून मात्र एक गोष्ट नियमाने गोळा होत होती, ती म्हणजे दात. सुळ्यामागची चिमुकली उपदाढ उपटली तरी कवटीची शोभा जात नाही, म्हणून शिकारीही कुरकुर करत नाही. दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर दरवर्षी चढतो आणि शीतनिद्रेच्या काळात त्यात गडद रेघ पडते. रेघा मोजल्या की वय मिळतं. मादीने पिल्लं वाढवली त्या वर्षीचा थर अरुंद पडतो, म्हणजे तिची बाळंतपणंही दातावर वाचता येतात. अशा या वहीत आपणच एक नोंद घालावी, ही कल्पना कुणाला तरी सुचायचीच होती. शाई मात्र भलत्याच दुकानातून आली.

त्या शाईची गोष्ट 1945 ची. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर विद्यापीठातून निवृत्त होऊन लेडर्लीत आले होते आणि ठिकठिकाणची माती मागवून तिच्यातले सूक्ष्मजीव तपासत होते. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या 1888 पासून चाललेल्या प्रयोगशेतातल्या गवताच्या एका वाफ्यातून विल्यम अल्ब्रेक्ट यांनी मातीचा नमुना पाठवला. त्या मातीत सोनेरी झाक असलेला एक जीव सापडला आणि त्याच्यापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक निघालं. 1948 च्या उन्हाळ्यात ते जगापुढे आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. पुढे फायझरमधल्या लॉइड कॉनोव्हर यांनी या रेणूतला क्लोरीन काढून टाकला, त्याचं टेट्रासायक्लिन झालं. शोधाचं श्रेय डगर यांचं, यात वाद नाही. पण म्हाताऱ्या डगरना माती चाळायला मोकळं रान देणारा माणूस या कथेत हवाच, असं माझं ठाम मत आहे.

टेट्रासायक्लिनला एक खोड आहे: कॅल्शियम दिसलं की ते त्याला चिकटतं. हे औषध दुधाबरोबर घेऊ नका असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. औषध शरीरात असताना जिथे नवं हाड किंवा दात घडत असतो, तिथे ते कॅल्शियमबरोबर कायमचं बसतं. 1950 च्या दशकात डॉक्टरांना मुलांचे दात पिवळे-तपकिरी होताना दिसले तेव्हा हे उघडकीला आलं. आपल्याकडेही पिवळ्या दातांची एक पिढी आहे. लहानपणी ‘भारी औषधं’ झाली म्हणून तिच्या आया अजून हळहळतात. 1957 मध्ये मिल्च आणि सहकाऱ्यांनी हाडात बसलेलं हे औषध अतिनील प्रकाशात चमकतं असं दाखवलं. मग हॅरॉल्ड फ्रॉस्ट या हाडांच्या डॉक्टरांनी या दोषाचं साधन केलं: ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा औषध द्यायचं, हाडात दोन रेघा उमटतात, आणि त्यांच्यामधलं अंतर मोजलं की हाड किती वेगाने वाढलं ते कळतं.

इथे थोडं वाकड्या वाटेने जातो, कारण गेल्याशिवाय राहवत नाही. 1980 मध्ये बॅसेट, आर्मेलागोस आणि सहकाऱ्यांनी सुदानमधल्या प्राचीन नुबियातली, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपासची माणसांची हाडं अतिनील प्रकाशाखाली पाहिली, तर तीच पिवळट-हिरवी चमक! टेट्रासायक्लिन बनवणारे जीव मातीत असतातच; नुबियन लोकांच्या धान्यातून आणि त्या धान्याच्या बिअरमधून ते पोटात गेलं असावं, असं सांगितलं जातं. पुरल्यानंतर हाडाला मातीतून लागलं असेल, अशी शंका अर्थातच निघाली. 2010 मध्ये हाडं विरघळवून केलेल्या रासायनिक तपासणीने पदार्थ तोच असल्याचं पक्कं केलं. म्हणजे अस्वलाआधी कितीतरी शतकं माणसाच्या हाडात ही खूण बसलेली होती, फक्त ती वाचणारा कुणी नव्हता.

आता वादाचा मुद्दा. दवाखान्यातून ही शाई रानात कुणी नेली? सरळ उत्तर असं की हाडांच्या डॉक्टरांचं काम वन्यजीवशास्त्रज्ञांनी वाचलं आणि उचललं. त्याला आधारही आहे: 1967 मध्ये लिनहार्ट आणि केनेली यांनी याच घराण्यातलं औषध देऊन कोयोट या लांडग्यासारख्या अमेरिकी प्राण्याच्या हाडात खुणा उमटवल्या. तरीही अस्वलाच्या रेघेचा खरा बाप मला वेगळा वाटतो, आणि तो म्हणजे युरोपातला कोल्हा. 1978 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोल्ह्यांचा रेबीज थोपवण्यासाठी कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात पसरली गेली. अशा मोहिमांत पुढे आमिषात टेट्रासायक्लिन मिसळू लागले, ते कोल्ह्याने आमिष खाल्लं की नाही हे नंतर कळावं म्हणून. ते कळत कशावरून होतं, तर शिकाऱ्यांनी मारलेल्या कोल्ह्यांच्या जबड्यांवरून. आमिष, औषध, शिकारी, दात, सगळी सामग्री तिथे जमलेली होती. कोल्हेवाले एवढंच विचारत होते की शंभरातल्या कितींनी आमिष खाल्लं. खाल्लेल्यांची संख्या आधीच माहीत असेल, तर याच टक्केवारीतून एकूण संख्या निघते. अस्वलवाल्यांनी नेमकं तेच केलं. कोयोटच्या प्रयोगात हा शिकारी कुठेच नाही, म्हणून मी कोल्ह्याच्या बाजूने.

या गणिताच्या बापावर तर आणखी मोठा तंटा आहे. गणित सोपं. समजा, 500 अस्वलांना खूण केली. पुढे शिकाऱ्यांकडून 400 दात आले आणि त्यांतल्या 20 दातांत खूण दिसली. म्हणजे विसातल्या एकाला खूण आहे; तर खुणेची 500 म्हणजे एकूण अस्वलांचा विसावा भाग, आणि एकूण अस्वलं दहा हजार. फ्रेंच लोक याचं श्रेय लाप्लासला देतात. त्याने 1802 च्या सुमाराला सगळ्या फ्रान्सच्या जन्मनोंदी आणि निवडक ठिकाणची शिरगणती यांची सांगड घालून देशाची लोकसंख्या काढली होती. पुस्तकांत मात्र या गुणोत्तराला लिंकन आणि पीटरसन यांची नावं असतात. पीटरसन हे डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ. 1896 च्या त्यांच्या लेखनात खुणा लावलेले चपटे प्लेस मासे आहेत, आणि ते परत आणून देणारे कोळीही आहेत. पण त्यांचं लक्ष माशांची वाढ आणि मर एवढ्यावर होतं, एकूण मासे मोजण्यावर नव्हतं, असं बारकाईने पाहणारे सांगतात. मोजणीसाठी ही युक्ती वापरली ती नॉर्वेच्या क्नूट डाल यांनी, 1917 मध्ये, डोंगरी तळ्यांतल्या ट्राउट माशांवर.

फ्रेडरिक लिंकन आले 1930 मध्ये. अमेरिकेतली बदकं किती, हे त्यांनी पायात कडी घातलेल्या बदकांवरून काढलं, आणि कडी परत पाठवणारे होते शिकारी. काळाच्या क्रमाने पाहिलं तर लिंकन शेवटचे, पण अस्वलाच्या वंशावळीत मी त्यांना पहिला मान देतो. शास्त्रज्ञाने एकदा पकडायचं आणि दुसरी पकड शिकाऱ्याच्या बंदुकीवर सोडायची, ही विभागणी त्यांच्याकडे स्वच्छ दिसते. पीटरसनचे कोळी हा माझ्या मांडणीतला काटा आहे, हे कबूल. तो मी असा काढतो: कोळ्यांनी मासे आणून दिले खरे, पण त्यांतून एकूण आकडा काढायला कुणी बसलं नाही.

सगळे धागे एकत्र आले ते मिशिगन आणि मिनेसोटात. डेव्हिड गार्शेलिस आणि लॅरी व्हिसर यांचा त्यावरचा लेख 1997 चा. उन्हाळ्यात डुकराच्या खारवलेल्या मांसात टेट्रासायक्लिन भरून ती आमिषं राज्यभराच्या जंगलात, एकमेकांपासून लांब, झाडांना लावायची. काही दिवसांनी फिरून कोणती अस्वलाने खाल्ली ते पाहायचं. तितकी अस्वलं खुणेची झाली. ना पिंजरा, ना बेशुद्धीचं इंजेक्शन, ना कानात बिल्ला. शिकारीच्या हंगामात दात येतात, अतिनील दिव्याखाली रेघ दिसते, आणि ती कोणत्या थरात आहे त्यावरून खूण कोणत्या वर्षीची तेही समजतं. पिंजरे लावून एवढ्या मुलखात एवढ्या अस्वलांना खूण करायची म्हटली असती तर खर्च कुणाला झेपला नसता.

पद्धतीत उणिवाही होत्या, आणि त्या मला पद्धतीइतक्याच आवडतात. एकाच अस्वलाने दोन आमिषं फस्त केली तर खुणेची अस्वलं दोन धरली जातात आणि एकूण आकडा फुगतो. आमिषं लांब लांब ठेवायची ती यासाठी. दुसरी खोट उलट्या दिशेची. या दोन्ही राज्यांत शिकारीही आमिष घालूनच अस्वल बोलावतात. जे अस्वल आमिषाला भुलणारं असतं ते शास्त्रज्ञाचंही खातं आणि शिकाऱ्याचंही. मग खुणेचे दात वाजवीपेक्षा जास्त येतात आणि आकडा खाली ओढला जातो. भिडस्त अस्वल दोन्ही वह्यांतून सुटतं. तिसरी अडचण प्रयोगशाळेतली: वय मोजायला दात आम्लात बुडवून त्यातलं कॅल्शियम काढतात, आणि औषध बसलेलं असतं कॅल्शियमवरच. वयाच्या कापात रेघ शोधायला जावं तर ती धुऊन गेलेली.

तरीही मिनेसोटाने 1991, 1997, 2002 आणि 2008 अशी चार वेळा ही मोजणी केली. वर्षावर्षाच्या शिकारीतल्या अस्वलांच्या वयांवरून त्यांचं वाढणं-घटणं कळे, पण प्रत्यक्ष संख्येला ठाव मिळाला तो या चार आकड्यांमुळे. 2008 चा आकडा आधीच्यापेक्षा बराच खाली आला आणि त्यानंतर तिथले परवाने मोठ्या प्रमाणात कमी केले गेले. आमिष घालून शिकार करावी की नाही यावर मिशिगनमध्ये 1996 मध्ये थेट मतदान झालं होतं. बंदीचा प्रस्ताव पडला आणि शिकारीचे निर्णय शास्त्रीय आधारावर घ्यावेत, असा दुसरा प्रस्ताव मंजूर झाला. त्यामुळे मोजणीचं वजन वाढलं.

टेट्रासायक्लिनची जागा आता केसांनी घेतली आहे. वासाच्या आमिषाभोवती काटेरी तारेचं कडं लावायचं. अस्वल त्याखालून जाताना केस अडकतात आणि केसांतला डीएनए हीच खूण. ब्रिटिश कोलंबियातल्या वुड्स आणि सहकाऱ्यांचा यावरचा 1999 चा लेख प्रसिद्ध आहे. पण मिशिगनच्या दक्षिण द्वीपकल्पाच्या उत्तर भागात हीच पद्धत वापरली तेव्हा पहिली पकड तारेवरच्या केसांची होती आणि दुसरी शिकाऱ्यांनी नोंदणी केंद्रावर आणलेल्या अस्वलांची. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेशी असलेलं नातं त्यात तुटलं. लिंकनच्या बदकांशी असलेलं टिकून आहे.