चाल उसनी, शब्द आपला

गाणे नेमके कोणाचे? ते लिहिणाऱ्याचे, त्याला चाल लावणाऱ्याचे, की रात्री बाराला घोंगडे पांघरून मैदानात बसलेल्या ऐकणाऱ्याचे? प्रश्न दिसतो साधा. परंतु नाशिक जिल्ह्यातील एका शाहिराच्या बाबतीत त्यावर इतकी वर्षे वाद चालला आहे की, तो एकदा शांतपणे उलगडून पाहावा असे वाटते. दिवाळीचा फराळ समोर आहे, घरात माणसे जमली आहेत. अशा वेळी गाण्यावरून चार घटका भांडण्यास हरकत नसावी.

शाहिराचे नाव वामन तबाजी कर्डक. महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव आणि १५ ऑगस्ट १९२२ हा त्यांचा जन्मदिवस. १५ मे २००४ रोजी ते गेले. मधल्या काळात त्यांनी किती गाणी रचली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. काही हजार सांगतात, कोणी दहा हजारांचा आकडा देतात. लिहायचे त्यांनीच आणि गायचेही त्यांनीच. भीमजयंतीला अमुक गावी, बुद्धजयंतीला तमुक गावी, अशी पायपीट जन्मभर चालली. ऐकणारे हजारोंनी जमत. आणि त्यांच्याविषयी मते मात्र दोन!

ही दोन मते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. तमाशाचा गण, गौळण, बतावणी, वग हा सांगाडा घेऊन त्यात सुधारणेचा विषय भरायचा, ही युक्ती प्रथम सत्यशोधकांनी काढली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच परंपरेतून पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खटपटीने तो पाच वर्षे चालला. त्याच सुमारास आंबेडकरी जलसे गावोगाव हिंडू लागले. निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक हे त्यांतील मोठे नाव. आडनाव तेच, पण पिढी आधीची. १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर त्यांनी पुस्तकच लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला पुष्कळ माहिती मिळते.

वादाचे बीज येथेच पडलेले आहे. ज्या तमाशात नाचगाण्यासाठी आमच्या माणसांना उभे केले, तोच तमाशा चळवळीने जवळ का करावा, असा एक प्रश्न. आणि खेड्यातल्या न शिकलेल्या माणसाला दुसऱ्या कोणत्या भाषेत समजावणार, असा त्यावर प्रतिप्रश्न. जलसेकारांनी मधला मार्ग काढला. सांगाडा ठेवला, शृंगार काढून टाकला. शाहिराच्या एका गाण्याला बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या बरोबरीने मानीत, अशी आठवण सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, ती इतकी वर्षे टिकून राहिली यातच गाण्याच्या बाजूचा निकाल दिसतो.

वामनदादा शाळेची पायरी चढले नव्हते. पोटासाठी मुंबईला आले आणि गिरणीत, कोळशाच्या वखारीत, मिळेल तेथे राबले. शिवडीच्या चाळीत असताना कोणीतरी एक पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले. वाचता येईना! त्या दिवशी हा तरुण रडला आणि मग एका मास्तरांकडून त्याने अक्षरे गिरवून घेतली. ज्याला पत्र वाचता आले नाही, त्याची गाणी पुढे लोकांनी पाठ केली. इतिहासात असे योग थोडेच असतात.

१९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले. ते होते एका हिंदी गाण्याचे विडंबन. म्हणजे आरंभच उसन्या चालीने झाला, आणि आक्षेपकांचे बोटही नेमके येथेच आहे.

आक्षेप असा : विषय एवढा थोर, बुद्धाचा, बाबासाहेबांचा, माणुसकीच्या लढ्याचा, आणि चाल कोठली? तर परवाच्या सिनेमातली! नायिका झाडाभोवती फिरत जे गुणगुणते, त्याच सुरात चवदार तळ्याची कथा कशी सांगावी? चालीला स्वतःची आठवण असते. ऐकणाऱ्याच्या कानात गाणे शिरते, पण त्याच्या मागून पडद्यावरची नटीही शिरते. मग शब्दांचे गांभीर्य राहते कोठे?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या काळी तो सरकारदरबारीही होता. १९५२ नंतर नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले. लोकांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. तात्पर्य, सिनेमाची चाल हलकी की भारी हा वाद वस्तीपासून दिल्लीपर्यंत सर्वत्र चालू होता.

आता दुसरी बाजू पाहू. वस्तीत गाणाऱ्याजवळ काय असे? एक पेटी, एक ढोलकी, साथीला दोन गळे आणि उद्याच्या कार्यक्रमासाठी आजची एक रात्र. नवी चाल बांधायची, बसवायची, ती लोकांच्या कानात रुजवायची, याला संगीत दिग्दर्शक आणि वाद्यवृंद लागतो, कंपनी लागते. सिनेमाची चाल मात्र तंबूतल्या खेळाने आणि हॉटेलातल्या रेडिओने आधीच घरोघर पोहोचवलेली असे. ऐकणाऱ्याला ती शिकावी लागत नाही. त्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे जाते. दुसऱ्या कडव्याला तो साथ देऊ लागतो, आणि सकाळी पाणी भरताना त्याची बायको तेच गाणे म्हणत असते. छापखान्याचे काम येथे गळ्याने केले.

आणि उसनवारीचेच म्हणाल, तर आपल्या संगीत रंगभूमीने ती कमी का केली आहे? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा साकी, दिंडी आणि कानडी नाटकांतल्या चाली त्यात आल्या. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांची वाट धरली. मूळ चिजेचा मुखडा घ्यायचा आणि त्यावर मराठी पद बसवायचे, ही तर नाट्यसंगीताची राजमान्य रीतच होती. ठुमरीचेही जुने पत्ते काही फार सोवळे नव्हते! तरी आपण तिला परंपरा म्हटले आणि वामनदादांच्या रीतीला नक्कल. फरक चालीत होता की घेणाऱ्याच्या पत्त्यात, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

सातासमुद्रापलीकडेही हेच घडलेले दिसते. अमेरिकेत जो हिल नावाचा स्वीडनहून आलेला एक मजूर होता. कामगारांसाठी तो गाणी रची आणि चाली उचली त्या ख्रिस्ती भजनांच्या. १९११ साली त्याने एका लोकप्रिय भजनाच्या चालीवर उपाशी मजुराला परलोकातल्या मेजवानीचे आश्वासन देणाऱ्या उपदेशकांची थट्टा उडविली. चौकात भजनी बँड वाजू लागला, की त्याच सुरावर कामगार आपले शब्द म्हणत! चालीची जुनी आठवण तेथे अडचण ठरली नाही, ती उपयोगी पडली.

वादाचा दुसरा पदर कागदावरचा आहे. १९७३ साली वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला. पुढे ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ आले. पण काळ कोणता होता पाहा. १९७२ सालीच नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ निघाला होता, त्याच साली दलित पँथर उभी राहिली होती. मुक्तछंदाने यमकाचे कुंपण उखडून टाकले होते. त्या धगीसमोर यमकांत बांधलेले, टाळी घेणारे गाणे अनेकांना जुनाट वाटले. तो प्रचार आहे, कविता नव्हे, असे शेरे पडले. उलट गावकुसाबाहेरचा श्रोता म्हणे, तुमची कविता आम्हाला वाचून दाखवावी लागते. दादांची आमची आम्हाला येते. गंमत अशी की, दोघेही एकाच घरातले, एकाच दुःखाचे वारस. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी वामनदादा बसले. घरातल्या वादावर घरानेच दिलेले हे उत्तर म्हणावयास हरकत नाही.

माझे मत विचाराल, तर आक्षेपकांच्या पदरात एक माप टाकावेच लागेल. उसन्या चालीचे आयुष्य सिनेमाइतके असते. ज्या चाली १९५५ साली साऱ्यांच्या ओठांवर होत्या, त्या आज नातवाला ठाऊक नाहीत. आणि चाल हरवली की पुस्तकातले गाणे पंख ओले झालेल्या पाखरासारखे बसून राहते. कोणत्या गाण्याला कोणती चाल होती, हे जाणणारी माणसे थकत चालली आहेत. ती नोंद वेळीच केली नाही, तर अर्धा वामनदादा आपल्या हातून जाईल.

पण दुसऱ्या पदरातले माप जड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. लाखो माणसांनी जुने देव सोडले होते. त्यांबरोबर ओव्या, आरत्या आणि लग्नातली गाणीही मागे राहिली. आता पाळण्यावर काय म्हणायचे? हळदीला काय? जयंतीच्या मिरवणुकीत काय? रिकामे झालेले हे घर भरायला कोणी नव्या चालीची वाट पाहत बसले नाही. वामनदादा आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी हाताशी लागेल त्या सुरात ते भरले. आग लागली असता शेजाऱ्याची बादली घेताना ती पितळी आहे की पत्र्याची, हे कोणी पाहत नाही.

वाचकहो, नाशिकला आलात तर काळाराम आणि पंचवटी पाहालच. सवड काढून सिन्नरच्या बाजूला देशवंडीलाही जा. आणि घरात कोणी जुने माणूस असेल, तर त्याला दादांचे एखादे गाणे म्हणावयास सांगा. चाल कोठली, हे मग त्यालाच विचारा आणि शब्दांच्या शेजारी लिहून ठेवा.