माती किती खोल खणायची?

११ मे १९६९ ला अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात आग लागली. इथे अणुबॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनायचे. बाहेर धोक्याचं काही गेलेलं नाही, असं सांगण्यात आलं. एड मार्टेल या रसायनशास्त्रज्ञाला ते पटलं नाही. त्यांनी कुंपणाबाहेरची माती तपासली, तर तिच्यात प्लुटोनियम निघालं.

गंमत म्हणजे त्यातलं बहुतेक आगीतून आलेलंच नव्हतं. १९५८ पासून कारखान्याच्या आवारात प्लुटोनियम मिसळलेल्या तेलाचे पाच हजारांवर पिंप उघड्यावर पडून होते. ते गंजले, गळले. पुढे पिंप हलवले तेव्हा जमीन उकरली गेली आणि तिथल्या भन्नाट वाऱ्याने धूळ पूर्वेकडे नेली.

पण अणुचाचण्यांमुळे प्लुटोनियम जगभरच्या मातीत आहे. मग हे कारखान्याचंच कशावरून? चाचण्यांच्या धुळीत प्लुटोनियम-२३९ च्या तुलनेत प्लुटोनियम-२४० सुमारे १८ टक्के असतं, बॉम्बच्या मालात सहाच्या आसपास. हा ठसा पुसता येत नाही.

खरा वाद खोलीचा. मार्टेलनी वरचा एक सेंटीमीटर थर घेतला, सरकारी प्रयोगशाळेने वीस सेंटीमीटर. पोह्यांवरचं खोबरं वरवर उचललं तर घासभर खोबरंच येतं. सगळी डिश कालवली तर दिसतही नाही. एकूण किती सांडलं हे मोजायला खोल खणणंच बरोबर. पण आपण श्वासात घेतो ती वरची धूळ. जेफरसन काउंटीचे आरोग्य अधिकारी कार्ल जॉन्सन हेच सांगत राहिले. १९८१ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

मर्यादासुद्धा बदलत गेल्या. १९७३ ची कोलोराडोची मर्यादा ग्रॅममागे साधारण ०.९ पिकोक्युरी होती. २००५ मध्ये संपलेल्या साफसफाईत वरच्या तीन फुटांसाठी ती ५० होती. दोन्हींचा हेतू एकच नव्हता, हे खरं. पण शेजारी राहणाऱ्याला ते कोण समजावणार?

२०१९ मध्ये पूर्वेच्या कडेने जाणाऱ्या नियोजित रस्त्यासाठी माती तपासली. एक नमुना २६४ पिकोक्युरी निघाला. त्याच नमुन्याचा दुसरा भाग तपासला, तर १.५. प्लुटोनियमचा एखादा सूक्ष्म कण एका भागात आला, दुसऱ्यात नाही, की एवढा फरक पडतो. पुढच्या वर्षी शेजारच्या ब्रूमफील्डने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं.