लाकडात कोरलेले डोंगर

गीताई मंदिराशेजारचा विश्वशांती स्तूप पाहताना जपानचे नाव निघतेच. मला मात्र तिथल्या ठसेचित्रांतले डोंगर आठवतात.

सत्तरी गाठलेल्या होकुसाईने 1830 च्या सुमारास फुजी पर्वताची 'छत्तीस दृश्ये' काढायला घेतली. लोकांना ती इतकी रुचली की 36 ची 46 झाली! चित्रकार कागदावर रेखाटी. तो कागद चेरीच्या फळीवर उपडा चिकटवून कोरणारा कोरी. छापणारा रंगागणिक निराळी फळी घेई. आपले छिपे-रंगारी ठसा कापडावर दाबतात. तिथे फळीवर कागद ठेवून तो पाठीमागून घासतात. डोंगराभोवती विरत जाणारे धुके ही तर छापणाऱ्याच्याच हाताची करामत, फळीवरला रंग पुसत पुसत फिका केलेला. पण सही बहुधा एकट्या चित्रकाराची. हे मला खटकते.

पुढे हिरोशी योशिदाने (1876–1950) कोरणारे-छापणारे आपल्या देखरेखीखाली आणले, आणि काही फळ्या स्वतः कोरल्याही. 1930-31 मध्ये तो हिंदुस्थानात हिंडून गेला. कांचनजंगेबरोबर आपल्या अजिंठा-वेरूळचीही ठसेचित्रे त्याने केली. डोंगर कोरून घडलेली ती लेणी अशी पुन्हा लाकडात कोरली गेली.